रेखाटनाचा पाया: नवशिक्याने कुठून सुरुवात करावी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: शाळेत असताना एलिमेंटरीची परीक्षा दिली, नंतर शिक्षण आणि नोकरीच्या रगाड्यात चित्रकला सुटली. आता पुन्हा सुरुवात केली असून वर्षभर मोबाइलवरची छायाचित्रे समोर ठेवून चेहरे काढता आणि ते बऱ्यापैकी साधतात. परंतु समोर ठेवलेली साधी बादली किंवा खुर्ची काढायला बसले की चित्र बिघडते. म्हणून पायापासून शिकायचे तर क्रम कोणता ठेवावा, साहित्य कोणते घ्यावे, रोज किती वेळ द्यावा आणि क्लास लावावा का, हे तुम्ही विचारले आहे.

बरीच वर्षे प्रौढ विद्यार्थ्यांना रेखाटन शिकवल्यावर मला असे दिसते की, बहुतेकांची गाडी नेमकी याच ठिकाणी अडते आणि त्यामागचे कारणही एकच असते. छायाचित्रात खोली, रुंदी आणि उंची असलेल्या जगाचे सपाट चित्रात रूपांतर करण्याचे काम कॅमेऱ्याने आधीच पूर्ण केलेले असते. तुम्ही फक्त एका सपाट प्रतिमेची दुसरी सपाट प्रतिमा करत असता. खरी बादली समोर असते तेव्हा ते रूपांतर तुम्हालाच करावे लागते, आणि त्याची सवय तुमच्या डोळ्यांना अजून झालेली नाही. तुमच्या हातात काही दोष नाही. जो हात छायाचित्रावरून नाकाची कड अचूक ओढतो, तो बादलीचीही कड ओढू शकतो, मात्र ती कड कागदावर नेमकी कुठे यायला हवी हे त्याला कोणीतरी सांगायला हवे. ते कसे ठरवायचे, आणि ठरवलेले चुकले असेल तर ती चूक दुसऱ्या कोणी दाखवण्याआधी आपली आपण कशी शोधायची, एवढ्या दोन गोष्टींना मी रेखाटनाचा पाया समजतो. छायाप्रकाश, यथार्थदर्शन, मानवाकृती हे सारे त्यावरच उभे राहते, म्हणून या उत्तराचा मोठा भाग मी त्यालाच देणार आहे.

वयाची चिंता मनातून काढून टाका. व्हॅन गॉगने चित्रकार व्हायचे ठरवले ते १८८० मध्ये, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, आणि सुरुवात केली ती शार्ल बार्ग या फ्रेंच चित्रकाराने विद्यार्थ्यांसाठी तयार केलेल्या रेखाटनांच्या नकला करून. पुढे १८८२ मध्ये द हेग शहरात राहत असताना त्याने दोऱ्या ताणलेली एक चौकट मुद्दाम बनवून घेतली, ती जमिनीत रोवून तिच्यातून तो निसर्गदृश्ये पाहत असे आणि रेषांच्या दिशा ताडून घेत असे. त्याच्या नंतरच्या चित्रांमधील मुक्तपणा पाहून अनेकांना वाटते की त्याला असल्या शिस्तीची गरज पडली नसावी. प्रत्यक्षात त्याने ती शिस्त स्वतःहून लावून घेतली होती.

तशी चौकट तुम्हाला लगेच बनवायला नको, कारण घरात खिडकी आहे. काचेच्या बंद तावदानापासून हातभर अंतरावर खुर्ची टाकून बसा, एक डोळा मिटा, डोके अजिबात न हलवता समोरच्या इमारतीच्या कडा, गच्चीची रेषा, खिडक्या आणि झाडाची फांदी व्हाइटबोर्डच्या मार्करने काचेवरच गिरवा. डोके हलू नये म्हणून हनुवटी एखाद्या उंच स्टुलावर रचलेल्या पुस्तकांवर टेकवली तरी चालेल. दहा मिनिटांत काचेवर जे उमटेल ते पाहून पहिल्यांदा सगळेच चकित होतात: समोरच्या इमारतीची आडवी असायला हवी अशी गच्चीची रेषा बरीच तिरपी आलेली असते, लांबची खिडकी जवळच्या खिडकीच्या निम्मीही नसते, आणि आपण जो रस्ता लांबलचक समजत होतो तो काचेवर दोन बोटांत मावलेला असतो. इटालियन वास्तुविद अल्बेर्ती याने १४३५ मध्ये चित्राच्या पृष्ठभागाची तुलना उघड्या खिडकीशी केली होती, ती याच अर्थाने. पहिल्या आठवड्यात हा प्रयोग घरातल्या वेगवेगळ्या खिडक्यांवर, वेगवेगळ्या उंचीवर बसून करा. कागदावर काम करताना आपण आणि वस्तू यांच्या मध्ये अशीच एक अदृश्य काच उभी आहे असे धरून चालायचे आहे.

साहित्याबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. एचबी, टूबी आणि फोरबी अशा तीन पेन्सिली, एक साधे खोडरबर, ए-थ्री आकाराचा कार्ट्रिज कागद, तो लावायला हलका बोर्ड आणि दोन क्लिपा एवढ्यावर पहिले सहा महिने निघतात. बारा पेन्सिलींचा डबा घेण्याची गरज नाही. पेन्सिलीत ग्राफाइट आणि चिकणमाती यांचे मिश्रण असते. माती जास्त तितकी ती कठीण व फिकट, ग्राफाइट जास्त तितकी ती मऊ व गडद. ही पद्धत फ्रान्समध्ये कोंते याने १७९५ मध्ये शोधली आणि आजही मूळ तत्त्व तेच आहे. पेन्सिल शार्पनरऐवजी कटरने तासा आणि शिसे सेंटिमीटरभर बाहेर काढा, म्हणजे टोकाने बारीक आणि कडेने रुंद अशा दोन्ही रेषा मिळतात.

साहित्यापेक्षा बसण्याची पद्धत महत्त्वाची आहे, आणि घरी शिकणाऱ्यांकडे नेमके तिचेच दुर्लक्ष होते. कागद टेबलावर सपाट ठेवला तर त्याची वरची कड डोळ्यांपासून लांब जाते, त्यामुळे काढतानाच तो वरच्या बाजूला आखूड दिसतो. साहजिकच हात नकळत तिथले आकार ताणून काढतो आणि कागद उभा धरला की चित्राचे डोके मोठे झालेले आढळते. बोर्डाची खालची कड मांडीवर आणि पाठ टेबलाच्या कडेला टेकवून तो उभट धरा, म्हणजे नजर कागदावर साधारण काटकोनात पडेल. वस्तू बोर्डाच्या अगदी शेजारी दिसावी, मान न वळवता फक्त डोळे हलवून वस्तू आणि कागद दोन्ही पाहता यावेत. पेन्सिल लिहिताना धरतो तशी टोकाजवळ न धरता मागे, तळहाताखाली आडवी धरा आणि लांब रेषा मनगटाऐवजी खांद्यातून ओढा. रोज बसल्यावर पहिली दहा मिनिटे रद्दी कागदावर दोन ठिपके देऊन ते एका दमात जोडणे, समांतर रेषा ओढणे, लंबवर्तुळे फिरवणे एवढे केले की महिन्याभरात हात बसतो. दहा मिनिटांपेक्षा जास्त वेळ त्यात घालवू नका, कारण पानेच्या पाने रेषा मारणारा विद्यार्थी पुष्कळदा खऱ्या वस्तूसमोर बसणे टाळत असतो.

आता मापण्याविषयी. हात पूर्ण लांब करा, कोपर ताठ ठेवा, एक डोळा मिटा आणि पेन्सिल नजरेला काटकोनात, म्हणजे त्या अदृश्य काचेला चिकटलेली असावी तशी धरा. पेन्सिलीचे वरचे टोक वस्तूच्या एका कडेशी जुळवून दुसऱ्या कडेशी अंगठ्याचे नख आणा. हे झाले एक माप. या मापाची लांबी कागदावर जशीच्या तशी उतरवायची नसते. त्याची तुलना दुसऱ्या मापाशी करायची असते. रुंदी उंचीत किती वेळा बसते, मान उंचीच्या कितव्या हिश्श्यावर येते, एवढेच विचारायचे. कोपर वाकले किंवा पेन्सिल वस्तूच्या दिशेने पुढे झुकली तर माप बदलते, आणि नवशिक्यांची मापे चुकतात ती बहुधा झुकलेल्या पेन्सिलीमुळेच. रेषांच्या तिरपेपणासाठी पेन्सिल त्या रेषेवर धरून तो कोन तसाच कागदावर आणा. उभ्या संबंधांसाठी गवंड्याचा ओळंबा वापरा: दोऱ्याला एखादा नट बांधून तो समोर धरला की पेल्याची डावी कड मागच्या किटलीच्या कुठल्या बिंदूच्या बरोबर वर येते ते लगेच कळते. ही तीन मापे, प्रमाण, कोन आणि ओळंबा, एकमेकांना तपासतात. दोन मापे एका बिंदूबद्दल वेगवेगळे सांगू लागली तर समजावे की कुठेतरी चूक आहे, आणि ती आत्ताच शोधावी.

हे सगळे एका तांब्यावर करून पाहू, कारण घराघरात असलेल्या या वस्तूइतकी चांगली शिकवणारी वस्तू मला दुसरी माहीत नाही. तांब्या स्टुलावर असा ठेवा की त्याचे तोंड तुमच्या डोळ्यांच्या पातळीपेक्षा थोडे खाली राहील. कागदावर आधी वर आणि खाली दोन आडव्या खुणा करा. तांब्या यांच्या बाहेर जाणार नाही. मधोमध एक उभा अक्ष हलका ओढा. आता पोटाची सर्वात जास्त रुंदी पेन्सिलीवर घ्या आणि ती उंचीशी ताडा. नेहमीच्या तांब्याची उंची आणि रुंदी यांत आपल्याला वाटतो तेवढा फरक नसतो, तरीही जवळपास प्रत्येक जण पहिल्या खेपेला तो उंच आणि सडपातळ काढतो. मग पोट सर्वात फुगीर कुठे आहे, मान कुठे आवळली आहे आणि काठ कुठे सुरू होतो या तीन उंचींच्या खुणा अक्षावर करा आणि प्रत्येक उंचीवर डावी-उजवी रुंदी अक्षापासून सारखी मोजून घ्या. अजून बाह्यरेषा ओढायची नाही.

यानंतर येते लंबवर्तुळ, आणि तिथेच खरी परीक्षा आहे. तोंड गोल असते हे आपल्याला ठाऊक असते म्हणून ते भोकासारखे वाटोळे काढले जाते. तळ सपाट स्टुलावर टेकला आहे हेही ठाऊक असते म्हणून खालची रेषा सरळ पट्टीने मारल्यासारखी काढली जाते. डोळ्यांना दिसते ते याच्या बरोबर उलट. उभ्या वस्तूवरचे आडवे वर्तुळ डोळ्यांच्या पातळीवर असेल तर ते केवळ एक सरळ रेषा दिसते, आणि पातळीपासून जितके खाली जावे तितके ते अधिक उघडत, अधिक गोल होत जाते. म्हणून तांब्याचे तोंड चपटे आणि तळाची वक्ररेषा त्या मानाने जास्त गोलाईची यायला हवी. तळाच्या लंबवर्तुळाची मागची बाजू दिसत नसली तरी पहिल्या काही चित्रांत ती हलक्या रेषेने पूर्ण काढा, म्हणजे वस्तू आरपार कशी बसली आहे ते समजते. लंबवर्तुळाच्या दोन्ही टोकांना कधीही टोकदार कोपरा नसतो. ते कितीही चपटे असले तरी टोकाशी वळते. आणि तांब्या आडवा पडलेला असेल तर त्याच्या तोंडाच्या लंबवर्तुळाची आखूड बाजू तांब्याच्या अक्षाच्या दिशेतच राहते. हे एक सूत्र पक्के झाले की गाडीचे चाक, ढोलकी, कलंडलेली कुंडी, सगळे सुटते.

आता बाह्यरेषा ओढा, आणि ओढून झाल्यावर लगेच खोडरबर घेऊ नका. चित्र आणि तांब्या शेजारी ठेवून चार पावले मागे जा. चित्र आरशात पाहा किंवा उलटे धरा. एका बाजूला झुकलेले पोट आरशात चटकन दिसते. पातळ कागदावर अक्षाच्या डावीकडील अर्धा भाग गिरवून, तो कागद उलटवून उजव्या भागावर ठेवा. चूक सापडली की आधीची रेषा तशीच राहू द्या आणि दुरुस्त रेषा तिच्याशेजारी जरा ठळक ओढा. चुकीची रेषा पुसली तर नवी रेषा कशाच्या मानाने बदलायची हेच कळत नाही, आणि खोडाखोडीनंतर माणूस बहुधा तीच चूक पुन्हा त्याच जागी करतो. पहिले दोन-तीन महिने दोन-तीन रेषांनी भरलेली, अस्वच्छ दिसणारी चित्रे काढायची तयारी ठेवा. शाळेतल्या परीक्षेत स्वच्छतेला मोल होते आणि ते योग्यही होते, पण घरच्या अभ्यासाची वही कोणाला दाखवण्यासाठी नसते.

मापण्याइतकीच उपयोगी दुसरी युक्ती म्हणजे रिकाम्या जागा पाहणे. खुर्ची काढताना खुर्ची काढूच नका. तिच्या दोन पायांमधली, हाताखालची, पाठीच्या पट्ट्यांमधली जागा एकेक आकार म्हणून काढा. खुर्चीचे चारही पाय सारख्या लांबीचे असतात हे आपल्याला ठाऊक असते आणि ते ज्ञान चित्र बिघडवते. दोन पायांमधल्या रिकाम्या चौकोनाबद्दल मात्र आपल्याला आधीपासून काहीच ठाऊक नसते, त्यामुळे तो आपण जसा दिसतो तसाच काढतो. कपाचा कान, सायकल, जास्वंदीची फांदी यांच्यावर हा सराव फार चांगला होतो. माझ्या अनुभवात, पंधरा दिवस नुसत्या रिकाम्या जागा काढल्यावर विद्यार्थ्याच्या चित्रात जेवढा फरक पडतो तेवढा महागड्या साहित्याने कधी पडत नाही.

प्रमाण बऱ्यापैकी बसू लागेपर्यंत शेडिंगला हात लावू नका. चुकीच्या आकारावर केलेले सुंदर शेडिंग ती चूक झाकत नाही, उलट उठावदार करते. जेव्हा सुरू कराल तेव्हा तांब्या बाजूला ठेवा, कारण चकचकीत धातूत खोलीतल्या सगळ्या गोष्टींची प्रतिबिंबे दिसतात आणि छाया कुठे सुरू होते तेच कळत नाही. मातीची कुंडी, न चमकणारे भांडे किंवा पांढरे अंडे घ्या. घरातील दिव्यांचा विचार करा: दोन भिंतींवर दोन ट्यूबलाइट आणि खिडकीचा उजेड अशा स्थितीत एका अंड्याला तीन पडछाया पडतात. मोठे दिवे बंद करून डाव्या बाजूने, थोडा वरून, एकच टेबललॅम्प लावा. दिवसा काम करणार असाल तर उत्तरेची खिडकी उत्तम, कारण तिच्यातून सहसा थेट ऊन येत नाही; मात्र मुंबई-पुण्याच्या अक्षांशावर मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत दुपारचा सूर्यही किंचित उत्तरेला झुकलेला असतो, तेवढ्या काळात पातळ पांढरा पडदा लावावा.

वस्तूकडे डोळे बारीक करून पाहा, म्हणजे बारकावे नाहीसे होऊन प्रकाश आणि छाया असे दोनच मोठे भाग उरतील. त्या दोघांमधली सीमा आधी हलक्या रेषेने काढा आणि सगळा छायेचा भाग, पडछायेसकट, एकाच छटेने भरा. चित्राचा निम्मा उठाव इथेच येतो. त्यानंतर प्रकाशाच्या बाजूला मध्यछटा, सीमेलगतचा सर्वात गडद पट्टा, आणि खालून टेबलावरून परत आलेला परावर्तित प्रकाश दाखवा. हा परावर्तित प्रकाश पहिल्यांदा दिसला की माणूस त्याच्या प्रेमात पडतो आणि तो इतका उजळ ठेवतो की वस्तू पोकळ वाटू लागते. वस्तू एकाच रंगाची असेल तर छायेतला सर्वात उजळ भागही प्रकाशातल्या सर्वात गडद भागापेक्षा गडदच ठेवावा, हा नियम तुम्हाला पुष्कळ चुकांपासून वाचवेल. पडछाया वस्तूला टेकते तिथे ती सर्वात गडद आणि तिची कड रेखीव असते; लांब जाताना ती फिकट आणि कडेला मऊ होते. बोटाने घासून छटा एकजीव करण्याचा मोह टाळा, कारण त्याने कागदाचा पोत बुजतो, ग्राफाइट चमकू लागते आणि छटेवरचा ताबा जातो. छटा रेषांच्या थरांनीच चढवा. एकाच प्रकाशस्रोताने काय साधते हे रंगात पाहायचे असेल तर सावळाराम हळदणकरांचे, हातात दिवा घेतलेल्या स्त्रीचे जलरंगचित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे; तिच्या चेहऱ्यावर, बोटांवर आणि साडीवर प्रकाश कसकसा उतरत गेला आहे ते अभ्यासाच्या नजरेने पाहावे.

यथार्थदर्शन, म्हणजे पर्स्पेक्टिव्ह, या शब्दाला अनेक जण घाबरतात, परंतु सुरुवातीला त्यातले फार थोडे लागते. सर्वात आधी डोळ्यांची पातळी शोधायला शिका. कोकणात समुद्रकिनाऱ्यावर उभे राहिलात तर क्षितिज बरोबर डोळ्यांच्या उंचीवर दिसते. तिथून एखाद्या किल्ल्याच्या बुरुजावर चढलात तर क्षितिजही तुमच्याबरोबर वर येते. खोलीत क्षितिज दिसत नसले तरी ती पातळी असतेच. आपल्यापासून दूर जाणाऱ्या ज्या आडव्या रेषा त्या पातळीच्या वर आहेत, जसे छताची कड किंवा दाराची वरची चौकट, त्या खाली उतरत जातात. ज्या खाली आहेत, जसे फरशीच्या रेघा किंवा पलंगाची कड, त्या वर चढत जातात. आणि मूळच्या समांतर रेषा त्या पातळीवर एकाच लोपबिंदूत मिळतात. एसटी स्टँडच्या लांब फलाटावर किंवा रेल्वेच्या पादचारी पुलावर बसून हे एकदा डोळ्यांनी पाहिले की पुस्तकातल्या आकृत्या सोप्या होतात. कोपऱ्यातून दिसणारी पेटी काढताना दोन लोपबिंदू लागतात, आणि नवशिके ते दोन्ही कागदाच्या आत घेतात. त्यामुळे पेटीचा जवळचा कोपरा विचित्र टोकदार होतो. खऱ्या दृश्यात त्यांतला निदान एक तरी बहुधा कागदाबाहेर बराच लांब असतो. म्हणून प्रत्येक रेषेसाठी लोपबिंदू आखत बसण्यापेक्षा पेन्सिल धरून कोन मोजावा आणि नियमाचा उपयोग तो कोन तपासण्यापुरता करावा.

मानवाकृती आणि चेहरा यांकडे चार-पाच महिन्यांनी वळा. प्रौढ माणसाची उंची सरासरी साडेसात डोक्यांइतकी धरतात आणि शरीराचा मध्य साधारण जांघेशी येतो. चेहऱ्यात डोळे डोक्याच्या उंचीच्या मध्यावर येतात, पण केसांखालचा कवटीचा भाग लक्षात न घेतल्याने ते वर सरकतात आणि कपाळ बसके होते. तुमच्या आधीच्या चित्रांतही हे तपासून पाहा. मात्र हे आकडे म्हणजे अंदाज आहेत. समोरचा माणूस वेगळा असेल तर माप समोरच्या माणसाचे घ्यायचे. चालत्या-बोलत्या माणसांसाठी छोटी वही आणि बॉलपेन खिशात ठेवा आणि मंडईत, लोकलमध्ये, बसच्या रांगेत, दोन-दोन मिनिटांची रेखाटने करा. पेनाची रेषा पुसता येत नाही, हाच तिचा गुण आहे. मंडईत भाजीवाल्या मावशी एकाच बैठकीत बराच वेळ बसलेल्या असतात आणि गिऱ्हाईक आले की पुन्हा पुन्हा त्याच हालचाली करतात, म्हणून हलती माणसे काढायला सुरुवात करण्यास ती जागा फार सोयीची आहे. कोणी वहीत डोकावले तर मोकळेपणाने दाखवा. लोक बहुतेक वेळा आनंदानेच बसून राहतात.

छायाचित्रांवरून काम करणे पूर्ण सोडावे असे माझे म्हणणे नाही. सध्या ते थांबवा, आणि डोळा तयार झाला की परत करा. तेव्हा तुम्हाला छायाचित्रातली खोटी माहिती ओळखू येईल. मोबाइल चेहऱ्याजवळ धरून काढलेल्या छायाचित्रात नाक मोठे आणि कान लहान दिसतात, आणि छाया काळ्याकुट्ट होऊन त्यांतले आकार नाहीसे होतात. चौकोन आखून छायाचित्र मोठे करण्याची पद्धत बॅनर रंगवणाऱ्या चित्रकारांनी मोठ्या कौशल्याने वापरली, कारण त्यांना ठरलेल्या वेळेत प्रचंड आकार उभा करायचा असे आणि त्यांचा हात आधीच तयार होता. शिकणाऱ्याला तीच पद्धत मापण्याच्या कष्टातून सोडवते, आणि म्हणून त्याच्या उपयोगाची नाही. नकला करायच्याच असतील तर थोरांच्या रेखाटनांच्या करा. मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये (स्थापना १८५७) प्लास्टरच्या पुतळ्यांवरून रेखाटन करण्याची परंपरा होती. पांढरा, न हलणारा, एका प्रकाशातला पुतळा हा वस्तुचित्र आणि जिवंत मॉडेल यांच्या मधला टप्पा असतो. घरी पांढऱ्या प्लास्टरची किंवा शाडूची न रंगवलेली मूर्ती त्या कामाला चालते.

एलिमेंटरीत तुम्ही स्मरणचित्राचा पेपर दिला असेल. त्या अभ्यासाकडे पुन्हा वळा, पण वेगळ्या रीतीने. सकाळी काढलेली वस्तू संध्याकाळी न पाहता काढा आणि दोन्ही चित्रे शेजारी ठेवा. जे आठवले नाही ते सकाळी नीट पाहिलेलेच नव्हते असे समजा. तांब्याची मान किती आवळलेली होती हे आठवत नसेल, तर दुसऱ्या दिवशी नजर आपोआप तिथे आधी जाते. आठवड्यातून एकदा एवढे केले तरी पुरे.

वेळेबद्दल: रोज पाऊण तास, त्यातली दहा मिनिटे रेषांना आणि उरलेला वेळ एकाच वस्तूला. एक वस्तू सलग चार-पाच दिवस काढा, दर दिवशी बसायची जागा थोडी बदला. रविवारी दोन तासांची एकच मोठी बैठक ठेवा, कारण काही चुका तासाभरानंतरच दिसू लागतात. नोकरीमुळे रोज जमत नसेल तर आठवड्यातले चार दिवस ठरवा आणि त्या दिवशी वेळ कमी असला तरी बसाच. पहिला महिना मापणे आणि रिकाम्या जागा, दुसरा आणि तिसरा दोन-तीन वस्तूंची मांडणी व लंबवर्तुळे, त्यानंतर छायाप्रकाश आणि खोलीचे यथार्थदर्शन, मग पुतळा आणि माणूस असा ढोबळ क्रम ठेवा. महिने पुढेमागे झाले तरी हरकत नाही, क्रम मात्र उलटू नका. प्रत्येक चित्राच्या मागे तारीख आणि त्या दिवशी सापडलेली मुख्य चूक एका ओळीत लिहा. साताठ आठवड्यांनी या ओळी वाचल्या की तुमची नेहमीची चूक कोणती ते कळते. कोणाची वस्तू सतत डावीकडे झुकते, कोणाची सगळी लंबवर्तुळे जास्त उघडी असतात, कोणाच्या छाया भीतीमुळे फिकट राहतात.

क्लास लावावा का, याचे उत्तर त्या क्लासवर अवलंबून आहे. प्रवेश घेण्याआधी एक बैठक पाहू द्या म्हणून विनंती करा. विद्यार्थी खऱ्या वस्तूसमोर किंवा माणसासमोर बसलेले आहेत का, शिक्षक प्रत्येकाच्या मागे उभे राहून त्याच्या जागेवरून वस्तू पाहतात का, आणि चूक सांगताना ती कशी सापडली हे मापून दाखवतात का, हे बघा. तसे असेल तर आठवड्यातून एक दिवस जरूर जा, कारण आपल्या जागेवरून पाहणारी दुसरी अनुभवी नजर व्हिडिओ देऊ शकत नाही. सगळे जण छायाचित्रांवरून चित्रे पूर्ण करत असतील, किंवा शिक्षक तुमच्या हातातून पेन्सिल घेऊन चित्र स्वतःच दुरुस्त करत असतील, तर ते पैसे सध्या कार्ट्रिज कागदावर खर्च करा. जवळपास चांगला क्लास नसेल तर रेखाटन करणारी दोन-तीन माणसे शोधून महिन्यातून एकदा एकाच मांडणीभोवती बसा आणि शेवटी जागा बदलून, ज्याचे चित्र तपासायचे त्याच्याच खुर्चीत बसून, पेन्सिलीने मापत एकमेकांची चित्रे तपासा.